सर, एक शंका होती

रविवारची सकाळ, साडेसहा. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावरचं दव अजून उडालं नव्हतं. आठवी-नववीची पन्नासेक पोरं तीन ओळींत उभी होती. ‘खुली लाइन चल’ झालं आणि हवालदार टर्नआऊट बघायला निघाले. पट्ट्याचं बक्कल, बुटाची टाच, नखं, कानामागचे केस. बोलणं नाही, फक्त नजर. दुसऱ्या ओळीत चौथ्या मुलापाशी ते थांबले. खाकी शर्टाच्या कॉलरमधून काळपट लाकडी मणी डोकावत होते. तुळशीची माळ होती.

मुलाच्या ते लक्षात आलं. तो सावधानमध्येच राहिला, पण ओठ हलले. “सर, एक शंका होती.”

“बोल.”

“माळ काढावी लागेल का सर? आजोबांनी घातलीय. काढली तर घरी चालत नाही.”

हवालदारांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. “पाळतोस?”

“होय सर. एकादशी धरतो.”

“मग काढू नको. आत घाल, मणी दिसता कामा नये. पण दोरावर चढायचं असेल त्या दिवशी आधी मला येऊन भेट. माळ दोरात अडकली तर गळ्याला फास बसंल. तेवढ्यापुरतं काय करायचं ते आजोबांना विचारून ये, मी साहेबांना विचारून ठेवतो.”

मुलानं मणी आत सारले. हवालदार पाचव्या मुलापुढे गेले. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नसेल. पण त्या ओळीतल्या बाकीच्या पोरांच्या चेहऱ्यांवर जो सैलपणा आला तो मी बाजूला उभा राहून पाहिला. फॉल-आऊट झाल्यावर, म्हणजे ओळी मोडल्यावर, हवालदारांभोवती सात-आठ पोरं जमली. एकाचा बूट चावत होता. एकाला चष्म्याला मागून दोरी लावली तर चालेल का, हे विचारायचं होतं. एकाच्या नेमप्लेटवर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं आणि ती गेले दोन रविवार तो खिशात घेऊन हिंडत होता. माळेचं उत्तर नीट मिळालं, तेव्हा कुठे ही सगळी बोलायला धजावली.

मी स्वतः शाळेत दोन वर्षं एनसीसीत होतो. या लेखाच्या निमित्तानं वर्षभरात काही शाळांच्या परेडला गेलो, एका दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात तीन दिवस राहिलो, दोन-तीन निवृत्त सुभेदारांशी बोललो. गणवेशाबद्दल मुलं काय विचारतात आणि मोठी माणसं त्यावर काय करतात, एवढंच बघायचं होतं. विषय छोटा आहे असं मला सुरुवातीला काहींनी ऐकवलं. मला तो छोटा वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

मी आठवीत होतो. आमच्या तुकडीला कॅम्पच्या आदल्या दिवशी बेरे, म्हणजे गणवेशाच्या गोल टोप्या, मिळाल्या. माझी एक नंबर मोठी होती. बिल्ला कुठल्या डोळ्यावर यायला हवा यावर दोन सीनियर दोन गोष्टी सांगत होते. म्हणून कॅम्पात पहिल्याच सकाळी मी सरळ प्रशिक्षकांना विचारलं. उत्तर एका वाक्याचं होतं: बिल्ला डाव्या डोळ्यावर, कापड उजव्या कानाकडे ओढलेलं. ते वाक्य मला मिळालं नाही. “फौज में सवाल नहीं पूछते” असं ऐकायला मिळालं, आणि बेरे दातांत धरून मैदानाच्या तीन फेऱ्या. दोनशे मुलं बघत होती, त्यातली निम्मी हसत होती. त्या कॅम्पात माझे बूटही लहान होते. ते बदलून मिळतात का, हे त्यानंतर मी कुणालाच विचारलं नाही. दहा दिवस तसाच चाललो. घरी आल्यावर आईनं मोजा काढला तेव्हा उजव्या अंगठ्याचं नख मोज्याबरोबर निघून आलं. आईनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, “अरे, सांगितलं का नाहीस कुणाला?” त्या प्रशिक्षकांचं नाव मला आठवतं, पण ते लिहिण्यात अर्थ नाही. त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलेलं असणार.

फौजेत प्रश्न विचारत नाहीत, हे वाक्य आजही ऐकू येतं. ते खरं नाही. फौजेतल्या कुठल्याही उस्तादाचा धडा आठवून बघा. रायफल खोलून दाखवतो, जोडून दाखवतो, पोरांकडून करून घेतो आणि शेवटी मान वर करून विचारतो, “कोई शक?” धड्याच्या आखणीतच शंकेला जागा राखून ठेवलेली आहे. ज्याच्या हातात उद्या काडतूस भरलेली रायफल जाणार त्याच्या मनात अर्धवट समजलेली गोष्ट राहणं परवडत नाही, हे फौजेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एका निवृत्त सुभेदारांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, “शक विचारायचा तो खऱ्या आवाजात. दरडावून ‘कोई शक?’ म्हटलं की कुणाचा हात वर येत नाही, आणि उस्तादाला वाटतं आपला धडा झकास झाला.”

बूट, बक्कल आणि केसांच्या बाबतीतही शंकेला ही जागा का हवी, हे समजून घ्यायचं तर एनसीसी मुळात काय आहे ते लक्षात ठेवावं लागतं. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून कायदा झाला आणि १६ एप्रिल १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. सुरुवात २०,००० कॅडेटपासून झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला, १९५० मध्ये हवाई आणि १९५२ मध्ये नौदलाची शाखा. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत ती सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. हे ‘ऐच्छिक’ महत्त्वाचं आहे. समोर उभी असलेली पोरं आपणहून आलेली आहेत. कायद्यानं त्यांच्यावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचं कुठलंही बंधन नाही. ती सैनिक नाहीत, भरती झालेली नाहीत. बारा-तेरा वर्षांचं मूल रविवारची झोप सोडून, आदल्या रात्री बुटाला पॉलिश मारून, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून बसमध्ये उभ्यानं प्रवास करून येतं. असं मूल गणवेशाबद्दल काही विचारतं ते तो नीट घालता यावा म्हणून. ज्याला टाळाटाळ करायची असते तो विचारत नाही, तो गैरहजर राहतो.

आता प्रश्न कुठले असतात? माझ्या वहीत जमलेले काही सांगतो. रक्षाबंधनानंतरच्या परेडला राखी काढायची का. मामाच्या लग्नात मेंदी लागली, आता शिबिराला येऊ द्याल का. टिकली. कानातली बारीक खडी, कारण नुकतंच टोचलंय आणि काढलं तर भोक बुजेल. मनगटातला देवीचा दोरा. शर्टाच्या बाह्या थंडीत खाली घ्यायच्या त्या कुठल्या तारखेपासून. भावाचा जुना पट्टा चालेल का, त्याचं पितळ जरा वेगळं दिसतं. ब्रासो संपला तर चिंच आणि राख लावून बक्कल घासू का. (हो, बेशक घास. आमच्या आज्या तांब्या-पितळेची सगळी भांडी तशीच लखलखीत ठेवत.) केस अंबाड्यात बसत नाहीत एवढे दाट आहेत, काय करू. वडील वारले म्हणून मुंडण केलंय, बेरे डोक्यावर ठरत नाही.

हा शेवटचा प्रश्न एका शिक्षिकेनं मला सांगितला. त्या शाळेत मराठी शिकवतात आणि एनसीसीच्या सहयोगी अधिकारी, म्हणजे एएनओ आहेत. मुलगा नववीतला होता. दहाव्या-अकराव्या दिवसानंतर पहिल्यांदा परेडला आला आणि बेरे सारखी घसरत होती म्हणून मागच्या ओळीतून कुणीतरी ‘टकल्या’ म्हणालं. मॅडमनी परेड संपेपर्यंत काही केलं नाही. नंतर त्या मुलाला बोलावलं, बेरेच्या आतल्या कडेला कापडाची पट्टी कशी शिवायची ते स्वतः सुईदोरा घेऊन दाखवलं. ‘टकल्या’ म्हणणाऱ्यालाही बोलावलं आणि पुढचा महिनाभर त्याच्याकडे एकच काम दिलं: तुकडीतल्या कुणाच्याही बेरेला अडचण असेल तर ती त्यानं सोडवायची. “पोरगा कामाला लागला,” मॅडम म्हणाल्या, “शेवटी तोच आमच्याकडचा बेरेचा मास्तर झाला.”

याच मॅडमकडे मी एक वही बघितली. साधी शंभर पानी वही, वर लिहिलेलं ‘शंका’. परेडच्या आधी ती मैदानाच्या कट्ट्यावर ठेवलेली असते. ज्याला जे विचारायचं ते त्यात लिहायचं, नाव घालायची सक्ती नाही. पुढच्या परेडला मॅडम उत्तरं वाचून दाखवतात. ज्याचं उत्तर त्यांना येत नाही तिथे लाल शाईनं लिहितात, ‘बटालियनला विचारते’, आणि विचारतात. मी पानं चाळली तेव्हा असे चौदा लाल शेरे मोजले. त्यातल्या अकरांपुढे नंतर निळ्या शाईत उत्तर आलेलं होतं. मला ते लाल शेरे सगळ्यात जास्त आवडले. मोठ्या माणसानं ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणणं, आणि मग खरोखर विचारून सांगणं, हे मुलांना कुठे बघायला मिळतं?

वहीतलं एक पान मात्र मॅडमनी मोठ्यानं वाचलं नव्हतं. अक्षर मुलीचं होतं. नौदल शाखेच्या दुसऱ्या एका तुकडीबरोबर संयुक्त शिबिर होतं, पांढरा गणवेश बघून तिनं लिहिलं होतं, की त्या मुली ‘त्या’ दिवसांत पांढरी पँट घालून दोन-दोन तास कशा उभ्या राहतात. मॅडम तिला बाजूला घेऊन बोलल्या. पण त्याहून पुढे जाऊन त्यांनी शिबिराचा पहिला दिवसच बदलला. आता पहिल्या संध्याकाळी मुलींच्या बराकीत त्या आणि मुलींच्या प्रशिक्षक ताई बसतात आणि कुणी विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकतात: पॅड कुठे ठेवलेत, डाग पडला तर कुणाला खूण करायची, बदलायला गडद ट्रॅकपँट कुठे आहे, आणि त्या दिवशी परेडमधून बाहेर पडायला कुणालाही कारण द्यावं लागणार नाही. एरवी ही गोष्ट एखाद्या हवालदाराला जाऊन विचारण्यापेक्षा मुलीनं एनसीसी सोडली असती. अशा सोडून गेलेल्या मुली मला भेटल्या आहेत.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. एका प्रशिक्षकाच्या वाट्याला दीडशे-दोनशे पोरं आणि तासभर मैदान येतं. ड्रिल व्हायचं असतं, नकाशावाचन राहिलेलं असतं, वरून पाहुण्यांसाठी गार्ड ऑफ ऑनरची तयारी असते. त्यात प्रत्येक जण हात वर करू लागला तर परेड उभी राहणार नाही, असं मला तीन जणांनी तरी सांगितलं. बरोबर आहे. सावधानमध्ये उभ्या असलेल्या तुकडीत शंका काढत बसता येत नाही, हे मुलालाही पटतं, सांगितलं तर. ‘आत्ता नाही, फॉल-आऊटनंतर विचार’ हे उत्तरच आहे, आणि त्यात मुलाचा मान राहतो. फक्त फॉल-आऊटनंतर खरंच थांबावं लागतं. हवालदार त्या दिवशी थांबले होते. त्यांचा चहा गार झाला.

या सगळ्याचं दुसरं टोक आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या आवारातली चित्रफीत घरोघरी मोबाइलवर गेली. भर पावसात, साचलेल्या पाण्यात कॅडेट ओणवे झालेले, आणि एक जण काठीनं त्यांना एकेक करून मारतोय. मारणारा कुणी फौजी अधिकारी नव्हता. तोही विद्यार्थी, सीनियर कॅडेट. पुढे त्याच्यावर कारवाई झाली, एनसीसीनं अशा वागण्याला आपल्याकडे थारा नाही असं जाहीर केलं. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. ती चित्रफीत एका खिडकीतून कुणा विद्यार्थ्यानं काढली म्हणून बाहेर आली. मार खाणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून ‘हे कुठल्या नियमात बसतं?’ हा प्रश्न आल्याचं तिच्यात दिसत नाही. बेरे कुठल्या बाजूला, हे विचारायची ज्यांना कधी मुभा मिळत नाही, त्यांच्याकडून एवढा मोठा प्रश्न ऐनवेळी कसा यावा? माझ्या दृष्टीनं बेरेचा प्रश्न आणि काठीचा प्रश्न एकाच रस्त्यावर आहेत.

आणि हा तोच महाराष्ट्र आहे, ज्याच्या एनसीसी संचालनालयानं २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरात प्रधानमंत्री ध्वज जिंकला. दिल्लीला जाणाऱ्या त्या तुकडीतल्या मुलामुलींच्या अंगावरची प्रत्येक घडी कुणीतरी जवळ उभं राहून नीट करून दिलेली असते. खांद्यावरची लॅनयार्डची दोरी कशी पडायला हवी, मोज्याची घडी कुठे यायला हवी, हे त्यांना दहादा सांगितलं जातं. म्हणजे सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत, सांगण्याची रीतही आहे. निवड झालेल्या मूठभरांना जे मिळतं, ते तालुक्याच्या शाळेतल्या पोराला मिळावं एवढंच मागणं आहे.

नियमामागचं कारण सांगता आलं तर सोन्याहून पिवळं. गणवेशाच्या बाबतीत कारणं भरपूर आहेत आणि ती मुलांना गोष्टीसारखी आवडतात. खाकी का? कारण १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’च्या अधिकाऱ्यांना कळलं की त्या मुलखात पांढरे आणि लाल कपडे लांबून दिसतात, मातीचा रंग दिसत नाही. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. आपण मराठीत जळून खाक झालं म्हणतो तोच शब्द. एनसीसीच्या झेंड्यावर लाल, गडद निळा आणि फिका निळा असे तीन पट्टे का? लष्कर, नौदल आणि हवाई दल. लॅनयार्ड कशाला? ती मुळात कामाची दोरी होती, चाकू किंवा शिटी हरवू नये म्हणून बांधायची. मी एका वर्गात एवढं सांगितलं, तर मागच्या बाकावरच्या मुलानं लगेच विचारलं, “मग आता शिटी नसते तरी का घालतात?” चांगला प्रश्न होता. आता ती ओळखीची खूण झाली आहे म्हणून.

नियम बदलतातही, आणि तेही मुलांना कळू द्यावं. २००६ मध्ये हवाई दलानं आपला सॅल्यूट बदलला, तळवा समोर न ठेवता जमिनीशी ४५ अंशांत कलता ठेवायला सुरुवात केली. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी लष्करानं नवा लढाऊ गणवेश दाखवला. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेश सारखा झाला, मग ते मूळचे कुठल्याही रेजिमेंटचे असोत. त्यांची रेजिमेंटची बेरे, खांद्यावरची लॅनयार्ड गेली. ज्यांनी तीस वर्षं जी खूण अभिमानानं मिरवली, ती त्यांनी उतरवून ठेवली. आणि आपल्या किनाऱ्यावरची गोष्ट तर शाळकरी मुलांना तोंडपाठ आहे. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणजवळ, सिंधुदुर्गाच्या साक्षीनं नौदल दिन झाला. तिथे जाहीर झालं की नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांची नवी रचना छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतली जाईल. त्याआधी सुमारे सव्वा वर्ष नौदलाच्या निशाणावर त्याच राजमुद्रेचा अष्टकोन आला होता. हे सगळे बदल होण्याआधी कुणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी, ‘हे असंच का?’ असं विचारलेलं असणार. ते विचारणाऱ्याला कुणी मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर नियमांची पानंच नव्यानं लिहिली जात आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा देशातली पहिली, १९६१ ची. सैनिक शाळांनी मुलींना सरसकट दार उघडलं ते २०२१-२२ मध्ये. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली २०२२ मध्ये आल्या आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या. केस, कानातलं, बुटांचं माप, पीटीचे कपडे यांबद्दल या मुलींनी जे विचारलं असेल ते याआधी त्या मैदानांवर कुणी विचारलेलंच नव्हतं. उत्तरं कुठल्या पुस्तकात तयार नसतात अशा वेळी विचारणारी आणि सांगणारा दोघं मिळूनच ती शोधतात.

गणवेशाच्या प्रश्नांचं आणखी एक ठिकाण आहे, ते म्हणजे दुकान. पुण्याच्या कॅम्पात लष्करी सामान विकणाऱ्या एका दुकानात मी दुपारभर बसलो होतो. पूर्वी गणवेश वरून वाटला जायचा. आता भत्त्याचे पैसे कॅडेटच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची व्यवस्था आली आहे. दुर्गम गावातल्या मुलालाही वेळेत कपडे मिळावेत हा हेतू चांगलाच आहे. पण त्यामुळे नियम सांगण्याचं काम नकळत दुकानदारावर आलं. तासाभरात चार मुलं आली. चौघांनीही दुकानदाराला विचारलं, “काका, यातलं कुठलं चालतं?” काका बिचारे जमेल तसं सांगत होते. एका मुलानं काचेखालचं पंखांचं चिन्ह मागितलं, पॅरा कमांडोंसारखं. “हे शर्टावर लावतो.” काकांनी दिलं नाही, “तुझ्या सरांना विचारून ये,” म्हणाले. मुलगा हिरमुसून निघाला. मी त्याच्याबरोबर बाहेर आलो. त्याला ते का हवं होतं? धोनीमुळे. २०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर पॅरा स्पेशल फोर्सेसचं बलिदान चिन्ह दिसलं होतं आणि आयसीसीनं ते काढायला लावलं, ही हकिगत त्याला वडिलांकडून कळली होती. मी त्याला सांगितलं, की ते चिन्ह छातीवर येण्याआधी माणूस महिनोन् महिने काय काय सोसतो, किती जण मधूनच परत जातात. पंख विकत मिळतात, पण ते कमवायचे असतात. तो ऐकत होता. मग म्हणाला, “मग मला ए सर्टिफिकेट मिळालं की काय लावता येतं?” याचं उत्तर मी त्याच्या सरांवर सोपवलं. त्यांनी ते मनापासून दिलं असेल अशी आशा आहे. अशा मुलाच्या शर्टावर चुकीचं चिन्ह सापडलं आणि ते सगळ्यांसमोर ओरबाडून काढलं, तर चिन्ह जातं आणि मुलगाही जातो.

शिबिराच्या शेवटच्या रात्री एक सीनियर अंडर ऑफिसर मुलगी माझ्याशेजारी बसली होती. महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला, घरचे शेतकरी. तिच्याकडे चाळीस नव्या मुली सोपवलेल्या होत्या. दिवसभर ‘ताई, हे कसं? ताई, ते कसं?’ चाललेलं. कंटाळा येत नाही का, मी विचारलं. ती म्हणाली, “येतो की सर. पण मला पहिल्या वर्षी एका ताईनं हेअरनेट कसं लावायचं ते पाच वेळा दाखवलं होतं. सहाव्या वेळी जमलं.” तिनं उठून कंदिलाची वात वर केली. बराकीच्या दारात दोन मुली बूट हातात घेऊन उभ्या होत्या.

२०२४ मध्ये सरकारनं एनसीसीत तीन लाख जागा वाढवायला मंजुरी दिली. त्या भरल्या की देशात २० लाख कॅडेट होतील. तेवढ्या मुलांना पुरतील एवढे प्रशिक्षक एका रात्रीत येणार नाहीत. पण आपल्या गावागावांत निवृत्त हवालदार आहेत, सुभेदार आहेत, ‘सी’ सर्टिफिकेट मिळवून संसाराला लागलेल्या ताया आणि दादा आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात तर असं घर नसलेली आळी सापडणार नाही. एनसीसी दिन नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी असतो. त्या सुमारास तुमच्या जवळच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांची आणि एएनओंची परवानगी घ्या, परेड संपेपर्यंत बाजूला उभे राहा आणि मग अर्धा तास पोरांत बसून त्यांना विचारा, कोई शक? आवाज जरा मऊ ठेवा. सुईदोरा आणि पॉलिशची डबी बरोबर न्या, दोन्ही लागतात.